बटण कारखान्याची आपत्ती योजना

छोटे मालक तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले. शब्द होता सातत्य. काही लोक परगावाहून सर्दी घेऊन येतात, त्यातलाच प्रकार. फक्त सर्दी आठवड्यात बरी होते. पुढचा महिनाभर कारखान्यात या शब्दावाचून पान हलेना. चहा उशिरा आला की चहाचं सातत्य बिघडायचं, पंखा बंद पडला की हवेचं. कामगारांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मागच्या खेपेला छोटे मालक 'स्वच्छ टेबल' शिकून आले होते, तेव्हा महिनाभर सगळे कागद टेबलाखाली होते.

कारखाना बटणांचा. सदऱ्याची, कोटाची, उशीच्या अभ्र्याची, बाळाच्या अंगड्याची, अशी जगातली यच्चयावत बटणं इथे निघत. सव्वीस कामगार, चार प्रेस आणि सहाशे बारा पोलादी साचे. साचे हाच कारखान्याचा जीव. एका साच्यात अठ्ठेचाळीस खळगे, एका खळग्यातून एक बटण, आणि खळग्याला केसाएवढा ओरखडा गेला तरी बटण वाया. हे साचे तेल लावून, फडक्यात गुंडाळून तळघरातल्या मांडण्यांवर ठेवलेले असत. तळघराची किल्ली साचेबाईंच्या कमरेला. एकतीस वर्षं त्या साचे देत होत्या, परत घेत होत्या, पुसून ठेवत होत्या. कुठला साचा कुठल्या मांडणीवर आहे हे त्या डोळे मिटून सांगत, आणि कुणी साचा आपटला तर डोळे न मिटता सुनावत.

मोठ्या मालकांना सातत्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना एकच प्रश्न पडत असे, "वाचले किती?" पण त्याच महिन्यात विमा कंपनीचं पत्र आलं. कारखान्याच्या विम्यासोबत जो आपत्ती योजना जोडील त्याला हप्त्यात सूट. गच्चीवर आग विझवायची टाकी बसवली तर आणखी सूट. बापाला सूट दिसली, लेकाला सातत्य दिसलं, आणि बऱ्याच वर्षांनी दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं.

टाकी मोठ्या मालकांच्या मेहुण्याने बसवली. पाण्याने भरलेल्या टाकीचं वजन किती, हे त्याने कुणाला विचारलं नाही, आणि टाकी ज्या चार पायांवर उभी केली ते पाय त्याच्याकडे आधीच पडून होते. योजना लिहायचं काम साचेबाईंकडे आलं. त्यांचं अक्षर चांगलं होतं म्हणून.

बाईंनी तीन दिवस बसून वहीत खरं ते लिहिलं. तळघरात पाणी शिरलं तर साचे गंजतील. गंजलेला साचा रॉकेलमध्ये भिजवायचा, पितळी ब्रशने घासायचा, मग काडीला चिंधी गुंडाळून एकेक खळगा पुसायचा. एका माणसाला एका साच्याला जवळजवळ तीन दिवस. सगळ्यांनी हात लावला तर अकरा आठवडे.

छोट्या मालकांनी वही वाचली आणि ज्या नजरेने माणूस शिळ्या भाजीकडे बघतो त्या नजरेने बाईंकडे बघितलं.

"बाई, अकरा आठवडे?"

"घाईने घासलं तर ओरखडे पडतात, साहेब."

"अहो, इथे रकाने आहेत. चार तास, चार दिवस, चार आठवडे. चार तासांना सगळ्यात जास्त सूट आहे. अकरा आठवड्यांना रकानाच नाही."

"पण लागतात अकरा आठवडे."

"तो तुमचा दृष्टिकोन झाला," छोटे मालक म्हणाले आणि हिरव्या शाईने अकरा आठवडे खोडून त्यावर चार तास लिहिलं. साठ सेकंदांत दहा आठवडे, सहा दिवस आणि वीस तास वाचवणारा माणूस त्या कारखान्याने त्याआधी पाहिला नव्हता.

बाकीची योजना त्यांनी एका हॉटेलवाल्या मित्राकडून आणली आणि जशीच्या तशी उतरवून घेतली. हॉटेलचं नाव काढून कारखान्याचं घातलं, पण सगळीकडे हात पोचला नाही. त्यामुळे बटणांच्या कारखान्यात आग लागली तर पाहुण्यांना पोहण्याच्या तलावाकडे न्यावं, अशी सूचना सातव्या पानावर राहिली. तातडीचा फोन नंबर हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीचा होता. आपत्तीप्रमुख म्हणून साचेबाईंचं नाव घातलं, कारण उद्या काही चुकलंच तर नाव कुणाचं तरी हवं. आणि 'पर्यायी जागा' या ओळीत छोट्या मालकांनी झोकात लिहिलं: मालकांचा नवा बंगला, संगमरवरी दिवाणखाना, वीज, पाणी व सर्व सोयींनी सज्ज. पर्यायी जागेलाही सूट होती.

"वाचले किती?" मोठ्या मालकांनी विचारलं. आकडा ऐकून ते खूश झाले आणि त्यांनी न वाचता सही केली.

आता योजना विम्याच्या कराराला जोडायची होती. तेही बाईंकडेच आलं, कारण टाचणयंत्र त्यांच्या टेबलावर होतं. हेच मालकांचं चुकलं. मोठ्या मालकांनी करारातलं एकच पान वाचलं होतं, हप्त्याचं. छोट्या मालकांनी योजनेचं मुखपृष्ठ वाचलं होतं, त्यावर त्यांचं नाव होतं. दोन्ही कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारं माणूस त्या अख्ख्या व्यवहारात एकच, आणि तेही डबा खाता खाता. तीन दुपारी त्यांनी ते वाचन केलं. तिसऱ्या दुपारी त्यांचा घास हातातच राहिला.

करारात बारीक अक्षरात चार गोष्टी होत्या. जोडलेली योजना हा कराराचाच भाग. तिच्याप्रमाणे वागलं नाही तर भरपाई नाही. काम बंद पडल्याची भरपाई योजनेत लिहिलेल्या वेळेपुरतीच. आणि आपत्तीनंतर योजनेतल्या पर्यायी जागी कामाला माणसं बसवली, तर त्यांची मजुरी आणि जागेचा खर्च बारा आठवड्यांपर्यंत विमा कंपनी देईल.

बाई कागद घेऊन मालकांच्या खोलीत गेल्या.

"मालक, यात चार तासांचीच भरपाई आहे. आपल्याला अकरा आठवडे लागले तर सगळ्यांच्या पगाराचं काय?"

"बाई," मोठे मालक हिशेबातून मान न काढता म्हणाले, "आपत्ती आली तर ना?"

"पण आलीच तर..."

"तुम्ही साचे बघा."

छोटे मालक बाजूलाच होते. त्यांनी जाता जाता समजावलं, "बाई, नकारात्मक बोलायचं नाही. योजनेत लिहिलंय." आणि खरंच लिहिलं होतं, चौदाव्या पानावर, तिथे ते हॉटेलच्या वेटरांसाठी होतं.

बाई घरी गेल्या. घर दोन खोल्यांचं. नवरा बसचालक होता, आता गुडघ्यांनी संप केल्यामुळे घरी. लेक त्याच कारखान्यात पुठ्ठ्यावर बटणं शिवायला. जेवताना बाईंनी सगळं सांगितलं तेव्हा नवरा आधी पोट धरून हसला.

"चार तासांत सहाशे साचे! तुला आपली दोन पातेली घासायला चार तास लागतात."

"अहो, थट्टा सुचतेय तुम्हाला."

"थट्टा नाही." तो हसायचा थांबला. "तू त्या गेटातून आत जातेस, पोरगीही त्याच गेटातून. माझं औषधपाणी, भाडं, सगळं त्या एका गेटातून येतं. ते गेट अकरा आठवडे बंद पडलं तर आपली योजना काय?"

"आई आपत्तीप्रमुख आहे ना, ती बघेल," लेक म्हणाली. "बाबा, तुमच्या गुडघ्यांना पर्यायी जागा शोधा."

तिघंही हसले, पण बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरातले दोन्ही पगार एकाच खुंटीला टांगलेले आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. कुणी ते असं मोठ्याने म्हटलं नव्हतं इतकंच.

आग काही लागली नाही. आगीसाठी आणलेलं पाणीच खाली आलं. एका शनिवारी सकाळी, कारखान्याला सुट्टी असताना, मेहुण्याच्या चार पायांतला एक वाकला, टाकी कलली, फुटली आणि पाणी जिन्याने थेट तळघरात उतरलं. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू व्हायचा. तो सुरू झाला आणि फुटक्या टाकीत इमानेइतबारे पाणी ओतत राहिला.

चौकीदाराने हे पाहिलं. माणूस सरळमार्गी. छोट्या मालकांनी त्याच्याकडून योजनेचं पाचवं पान पाठ करून घेतलं होतं, आणि तो पाचव्या पानाप्रमाणे वागला. पंपाला त्याने हात लावला नाही, कारण आगीची यंत्रणा कुणीही बंद करू नये असं लिहिलं होतं. त्याने तातडीच्या नंबरावर फोन केला.

"कारखान्यातून बोलतोय. तळघरात पाणी भरतंय."

"चादरी किती आहेत?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"चादरी नाहीत. साचे आहेत, सहाशे बारा."

"अहो, एवढं मोठं काम आज नाही होणार. सोमवारी माणूस पाठवते."

चौकीदाराने नोंदवहीत लिहिलं: वरिष्ठांना कळवले, सोमवारी माणूस येणार. एकदा कळवल्यावर अफवा टाळण्यासाठी दुसऱ्या कुणाशी बोलू नये, अशी पुढची ओळ होती. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. साचेबाईंचं घर गेटापासून दहा मिनिटांवर होतं.

सोमवारी सकाळी बाईंनी तळघराचं दार उघडलं तेव्हा पाणी कमरेपर्यंत होतं आणि त्यावर त्यांची फडकी तरंगत होती. त्यांनी पायरीवर उभं राहून हात घालून एक साचा वर काढला. कोटाच्या बटणाचा, जुना, त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आलेला. तेल धुऊन गेलं होतं आणि अठ्ठेचाळीस खळगे तांबूस झाले होते. बाई जिन्यातच बसल्या आणि रडल्या. मग पदराने तोंड पुसून त्यांनी पहिल्यांदा पंप बंद केला.

आता कुणीही शहाणा माणूस हळहळला असता. छोटे मालक उजळले. त्यांच्या योजनेला अखेर आपत्ती मिळाली होती! साडेसातला त्यांनी स्वतः विमा कंपनीला फोन लावला: "तुमचा पाहणी अधिकारी लगेच पाठवा. आम्ही चार तासांत कसे उभे राहतो ते त्याने डोळ्यांनी बघू दे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण छोट्या मालकांना हात दाखवायची भारी हौस.

अधिकारी आला. सडपातळ, मऊ बोलणारा, बगलेत करार आणि योजना. दरम्यान दोन नंबरच्या प्रेसवर शुक्रवारी चढवलेला एक साचा कोरडा राहिला होता, उशीच्या अभ्र्याच्या बटणाचा. छोट्या मालकांनी तोच चालू करायला लावला. अकरा वाजून दहा मिनिटांनी अठ्ठेचाळीस पांढरी बटणं टपटप खाली पडली. छोट्या मालकांनी टाळ्या वाजवल्या. कामगारांनी इकडेतिकडे बघून वाजवल्या. बाईंनी नाही.

"म्हणजे काम पूर्ववत झालं?" अधिकाऱ्याने गरम बटण तळहातावर घेत विचारलं.

"पूर्णपणे! तीन तास चाळीस मिनिटांत."

"साहेब, एकाच साच्यावर चाललंय," बाई पुढे झाल्या. "बाकीचे सहाशे अकरा..."

"बाई!" छोटे मालक ओरडले. "चौदावं पान!"

अधिकाऱ्याने लिहून घेतलं, वेळ टाकली, छोट्या मालकांची सही घेतली. मग शांतपणे पेनचं टोपण लावलं आणि म्हणाला, "छान. तर तीन तास चाळीस मिनिटांच्या नुकसानीची भरपाई तुम्हाला मिळेल."

मोठ्या मालकांना वाटलं, तो थट्टा करतोय. "आणि पुढचे अकरा आठवडे?"

"कोणते अकरा आठवडे?"

"साचे घासायला लागणारे! हे बटण म्हणजे नुसतं दाखवायला..." एवढं बोलून मोठे मालक थांबले. अधिकाऱ्याने टोपण पुन्हा काढलं होतं.

"दाखवायला असेल तर तेही सांगा," तो म्हणाला. "मग योजनेत लिहिलेलं खोटं होतं असं मी लिहितो. तसं झालं तर करारच रद्द आणि घेतलेली सूटही परत."

इकडे आड तिकडे विहीर, आणि विहीर मालकांनी स्वतः खणलेली. मोठ्या मालकांनी आधी लेकाकडे बघितलं. लेक छताकडे बघत होता. मग ठरल्याप्रमाणे त्यांनी बाईंकडे बघितलं.

"योजना बाईंनी लिहिली आहे. प्रमुख त्या आहेत."

"अक्षरं दोन आहेत," अधिकारी पानं चाळत म्हणाला. "हिरवी शाई कुणाची?"

 छोट्या मालकांच्या खिशाला हिरवं पेन लटकलेलं होतं.

मग मोठ्या मालकांनी जे केलं ते करायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. योजनेच्या शेवटी दोन कोऱ्या याद्या होत्या; लेकाने त्या दाखवल्या आणि मालकांनी कागदावर नावं भरली. अत्यावश्यक माणसं: मोठे मालक, छोटे मालक, मेहुणा, मालकांचा ड्रायव्हर आणि साचेबाई. त्यांचे पगार चालू. अनावश्यक माणसं: उरलेले पंचवीस. त्यांना कारखाना सुरू होईपर्यंत बिनपगारी सुट्टी. साचे बाई एकट्या घासतील, जमेल तसे, लागतील तेवढे दिवस.

"गेटावर जाऊन यादी वाचा," मालकांनी कागद पुढे केला. "प्रमुख तुम्ही आहात."

बाईंनी कागद घेतला. पहिलं नाव प्रेसवाल्याचं. एक तारखेला त्याच्या घरी बाळ झालं होतं. नववं नाव त्यांच्या लेकीचं. अंगणात पंचवीस माणसं ओल्या पायांनी उभी होती आणि लेक काचेतून आईकडेच बघत होती. एकतीस वर्षांत बाई मालकांसमोर कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. आताही चढवला नाही. राग मनात मावत नव्हता, पण त्यांनी फक्त यादीची घडी घातली.

"मालक, मी खरंच प्रमुख आहे का?"

"म्हणजे काय, लिहिलंय की."

"मग अकरावं पान वाचते." बाईंनी अधिकाऱ्याकडून योजना मागून घेतली. "आपत्तीच्या काळात प्रमुखाचा आदेश व्यवस्थापनासह सर्वांवर बंधनकारक राहील. हे हॉटेलवाल्यांनी लिहिलंय, पण सही तुमची आहे." मग कराराचं पान उलटून त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "साहेब, हे मला समजलंय ते बरोबर का, तेवढं सांगा. साचे इथे घासले तर मजुरी कुणाची?"

"इथे घासले तर ती दुरुस्ती. मालकांची."

"आणि पर्यायी जागेवर घासले तर?"

अधिकाऱ्याने ते कलम वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. इतका वेळ न हसलेला तो माणूस आता ओठ आवळून उभा होता. "तर ते सातत्य," तो म्हणाला. "मजुरी आमची. बारा आठवड्यांपर्यंत."

"पर्यायी जागा कुठली?" मोठ्या मालकांनी विचारलं. त्यांनी योजना वाचलीच नव्हती.

छोटे मालक अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पप्पा, आपला दिवाणखाना."

मोठे मालक खुर्चीत बसले. नव्या बंगल्याचा संगमरवर त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. मालकीणबाई त्यावर पाहुण्यांनाही जपून चालायला लावत. "शक्य नाही," ते म्हणाले. "माझ्या घरात रॉकेल? पंचवीस माणसं?"

"सव्वीस," बाई म्हणाल्या. "मी धरून. नको असेल तर राहू दे, मालक. मग योजनेप्रमाणे वागलो नाही असं साहेब लिहितील, आणि ते चार तासही जातील."

मालकांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. चेहऱ्यावर ती सगळी दिसत होती. शेवटी त्यांच्या तोंडून नेहमीचाच प्रश्न निघाला, फक्त आवाज रडवेला होता, "यात वाचतील किती?"

"पंचवीस घरं," बाई म्हणाल्या, आणि यादी फाडून अंगणात गेल्या.

दुपारी दोन वाजता मालकीणबाईंनी बंगल्याचं दार उघडलं तेव्हा समोर हातगाड्यांवर सहाशे अकरा गंजके साचे, रॉकेलचे डबे, बादल्या, आणि सव्वीस माणसं होती. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "सातत्य," बाईंची लेक म्हणाली आणि पहिला साचा घेऊन आत शिरली.

पुढच्या अकरा आठवड्यांत त्या बंगल्याने जे पाहिलं ते सांगायला बसलं तर बारावा आठवडा लागेल. झुंबराखाली पितळी ब्रशांची खरखर सकाळी आठला सुरू व्हायची. बारा माणसांच्या जेवणाच्या टेबलावर खळगे पुसायच्या काड्या पसरलेल्या. छोट्या मालकांच्या खोलीत साचे वाळत, म्हणून छोटे मालक बाहेरच्या पडवीत झोपत. मालकीणबाई आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत; दुसऱ्या आठवड्यात त्यांनी प्रेसवाल्याच्या बाळाला अंगडं पाठवलं, आणि तिसऱ्या आठवड्यात 'त्या कोपऱ्यातला नीट घासत नाही' अशी बाईंकडे तक्रार केली. मोठे मालक एकदा कंटाळून स्वतः साचा घेऊन बसले. दहा मिनिटांत त्यांनी दोन खळग्यांना ओरखडे पाडले. बाईंनी साचा काढून घेतला आणि त्यांना फडकी घड्या करायला दिली. ते निमूट बसले. फडक्यांच्या घड्या मात्र त्यांनी झकास घातल्या.

दर शुक्रवारी पगार झाले. पंचवीसही घरी, न चुकता. बाईंच्या घरी दोन.

कारखाना सुरू झाला. छोटे मालक शिबिरात भाषण देऊन आले, 'आमच्या योजनेने एकही दिवस काम थांबू दिलं नाही'. टाळ्या पडल्या म्हणे. मेहुण्याला नव्या टाकीचं काम मिळालं. आणि विम्याचं नवं वर्ष आलं तेव्हा एका सकाळी छोटे मालक हसत हसत तळघरात उतरले. हातात नवी योजना होती, रंगीत मुखपृष्ठाची.

"बाई, यंदा सगळ्या चुका दुरुस्त केल्यात. लॉन्ड्री काढली, तलाव काढला. तुम्ही फक्त सही करा."

बाई आता वाचल्याशिवाय सही करत नसत. वाचता वाचता त्या पर्यायी जागेच्या ओळीवर आल्या. तिथे बंगला नव्हता. तिथे त्यांच्या स्वतःच्या घराचा पत्ता होता.

"मम्मीला वासाचा त्रास होतो," छोटे मालक घाईने म्हणाले. "आणि तुमचं घर जवळ पडतं. दहाच मिनिटं. शिवाय तुम्ही प्रमुख..."

"दोन खोल्या आहेत माझ्या, साहेब."

"कागदावर जागा लागते हो नुसती. आपत्ती काय रोज येते?"

बाईंनी साचा पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. "बंगल्याचं आठवड्याचं भाडं मालकांनी विम्याकडून घेतलं. बिलांवर शिक्का मीच मारला. तेच भाडं माझ्या दोन खोल्यांना लिहाल?"

छोटे मालक हसले, मग त्यांना दिसलं की बाई हसत नाहीयेत. बाईंना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

"माझा पगार तुमच्या गेटातून येतो," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीचाही. पुढच्या खेपेला तुमचं गेट बंद पडलं तर आम्हाला बसायला ते एक घर आहे. तेही तुम्हाला दिलं, तर आम्ही कुठे जायचं? आमची पर्यायी जागा कुठली, साहेब?"

छोट्या मालकांनी फॉर्म उलटून बघितला, मागून पुढून, जणू उत्तर छापलेलं असेल. मग हिरवं पेन खिशात घातलं आणि कागद घेऊन जिना चढून गेले. बाईंनी सही केली नव्हती. त्यांनी दिवा जरा जवळ ओढला आणि पुढचा साचा हातात घेतला.